खोलीत बोललेलं

आमच्या कारखान्यात तळमजल्यावर बायकांसाठी एकच टॉयलेट आहे, आणि मी नोकरीला लागले तेव्हा त्याची आतली कडी तुटलेली होती. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तिथलं टॉयलेट सगळ्यांचं सामायिक आणि बहुतेक वेळा कोणीतरी आत असायचंच, म्हणून मी खाली, पॅकिंग विभागाच्या शेजारी जायचे. पहिला आठवडा एक हात दाराला लावून कसाबसा काढला. दुसऱ्या आठवड्यात पॅकिंगमधली एक बाई माझ्या मागोमाग आली, बाहेरून दार घट्ट ओढून धरलं आणि म्हणाली, "बसा बाय निवांत. मी हाय हितं. मालक आला तरी सोडनार न्हाय."

मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी तिला साधं थँक्यूही म्हटलं नाही. नंतर मात्र सवय झाली. मी जिना उतरताना दिसले की ती हातातलं काम शेजारणीकडे सरकवायची आणि उठायची. बाहेर उभी राहून काहीबाही बोलत राहायची, म्हणजे आत मला एकटं वाटू नये. माझ्याकडून उत्तराची तिला अपेक्षा नसायची. मी कमी बोलते हे तिने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

ती चांदीप गावची. पन्नाशीच्या जवळपास, बारीक, हात कायम कोरडे पडलेले. वसई पूर्वेच्या आमच्या या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तयार होतात. मशीनमधून आलेली झाकणं बघायची, वाकडी बाजूला काढायची, चांगली पिशव्यांत भरायची, हे तिचं काम. पॅकिंगमध्ये अशा अकरा बायका होत्या, आणि अकराही कंत्राटी. कायम कामगाराच्या गळ्यात निळा पास असतो, कंत्राटीच्या पिवळा. दर वर्षी कंत्राट बदललं की या बायकांना काही आठवड्यांचा 'ब्रेक' मिळायचा. पास जमा करायचा, घरी बसायचं, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने नवा पिवळा पास घेऊन त्याच टेबलाशी येऊन बसायचं. चांदीपच्या त्या बाईला नऊ वर्षं झाली होती आणि कागदावर ती नऊ वेळा नव्याने लागली होती. नवरा आजारी पडला तेव्हा चार दिवस रजा हवी होती. कंत्राटदाराने रजेऐवजी तिला महिनाभर आधीच ब्रेक देऊन टाकला.

"एकदा निला पास गल्यात पडला ना बाय," ती दाराबाहेरून म्हणायची, "का मंग कोन काय बोलतंय बघतेच. तुमाला आमचे शेतातला तांदूल देईन. नवा. वासाचा."

हे पास मीच बनवायचे. ब्रेकच्या वेळी जमाही मीच करून घ्यायचे. एचआर विभागात मी सगळ्यात ज्युनियर. पत्रं टाइप करणं, फाइल लावणं, मीटिंगला बसून मिनिट्स, म्हणजे बैठकीचा वृत्तांत, लिहिणं. मिनिट्स इंग्रजीत लिहायचे असायचे, आणि ते मला चांगलं जमायचं. इंग्रजी शाळेत तेरा वर्षं काढल्यावर एवढं यायलाच हवं. हे मात्र मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला घेतलं तर त्याचेही मिनिट्स होतात. कोणी काय केलं ते नीट येतं, पण ते मी केलं असं वाटत नाही.

घरातल्या भाषेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरूनच झालं. माझे बाबा कोकणातले, नोकरीसाठी मुंबईत आले आणि वसईच्या एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहिले. आई आगाशीजवळच्या एका गावची, तिच्या माहेरी केळीची वाडी. त्या भागातल्या जुन्या गावांची आपली एक बोली आहे. हिंदू बोलतात, ख्रिस्तीही बोलतात, थोड्याफार फरकाने. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. आई मावशीशी फोनवर त्याच भाषेत बोलते, मोठ्याने, हसत. मी ती जन्मापासून ऐकत आले. मला अक्षर न् अक्षर समजतं. बोलता मात्र येत नाही, कारण मी कधी बोललेच नाही.

चौथीत असताना आई मला शाळेत न्यायला आली होती. गेटबाहेर भाजी विकणारी एक बाई आईच्या माहेरच्या बाजूची निघाली आणि दोघींच्या गप्पा रंगल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, ही तुमच्याकडे काम करते का? मी नाही म्हटलं. माझी आई आहे, असं मात्र म्हटलं नाही. घरी गेल्यावर आईला सांगितलं की शाळेत येशील तेव्हा ते बोलू नकोस. आई बरं म्हणाली. त्यानंतर शाळेत आली की ती नुसती हसायची. टीचरशी, वॉचमनशी, सगळ्यांशी. बोलायची नाही.

आमच्या कारखान्यात युनियन आहे. दर काही वर्षांनी करार संपतो, युनियन मागणीपत्र देते आणि मग महिनोन्महिने बोलणी चालतात. त्या वर्षी मी ती पहिल्यांदा पाहिली. कॉन्फरन्स रूममध्ये टेबलाच्या एका बाजूला माझे सर, म्हणजे एचआरचे प्रमुख, आणि फॅक्टरी मॅनेजर. समोर युनियनचे नेते, जे मुंबईहून यायचे, आणि कामगारांची पाच जणांची कमिटी. मी दाराजवळच्या खुर्चीत, लॅपटॉप मांडीवर.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. नेते वयस्कर होते, हळू बोलायचे, खांद्याला अडकवायची एक जुनी पिशवी सोबत असायची. त्यांचे काही नियम होते आणि कमिटी ते पाळायची. कंपनीचा चहा प्यायचा, बिस्किटाला हात लावायचा नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. रागवायचं असेल तर आधी ठरवून रागवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपसांत काही बोलायचं असेल तर खोलीत बोलायचं नाही.

"भिंतींना कान असतात," सरांच्या तोंडावरच ते हसत म्हणाले होते, "आणि या भिंती तर कंपनीच्या."

म्हणून दर वेळी काही अडलं की नेते म्हणायचे, "पाच मिनिटं द्या साहेब." सगळे उठायचे, दोन जिने उतरून सायकल स्टँडजवळच्या बदामाच्या झाडाखाली जायचे. आम्हाला ते खिडकीतून दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. पाच मिनिटांची पंचवीस व्हायची.

"खाली जाऊन काय करतात?" सर वैतागायचे. "तंबाखू मळतात आणि परत येऊन तेच बोलतात."

चौदा मागण्या होत्या. नेत्यांनी छोट्या आधी घेतल्या, मोठ्या मागे ठेवल्या. एकदा होकार द्यायची सवय लागली की सोपं जातं, असा त्यांचा हिशेब असावा. कडीची मागणीही त्यात होती. ती वाचताना कमिटीचे अध्यक्ष थोडे लाजले.

"कडीसाठी संप करणार का तुम्ही?" सरांनी विचारलं.

"नाही साहेब," नेते म्हणाले. "पण कडीलासुद्धा तीन वर्षं लागली हे लिहून ठेवू. मॅडम, लिहिलंत ना?"

मी लिहिलं. मीटिंग संपली की नेते माझे मिनिट्स पट्टी धरून एकेक ओळ वाचायचे. कुठे 'विचार करू' आहे, कुठे 'मान्य' आहे, ते तपासायचे. मग सही करायचे. एकदा म्हणाले, "मॅडम कोणाच्या बाजूने लिहीत नाहीत. फार दिवसांनी असं कोणी बघितलं." मला बरं वाटलं. मी मान खाली घातली.

अकरावी मागणी पॅकिंगच्या अकरा बायकांना कायम करण्याची होती. तिथे गाडं अडलं. सर म्हणायचे, त्या बायका आमच्या नाहीतच, कंत्राटदाराच्या आहेत. नेते म्हणायचे, मग कंत्राटदार बदलतो आणि बायका त्याच कशा राहतात? तीन मीटिंगा यातच गेल्या. शेवटी युनियनने संपाची नोटीस दिली. त्यानंतर सरांची झोप उडाली. दिवाळीनंतर मोठी ऑर्डर जायची होती, मशीन आठ दिवस बंद राहिली असती तरी कंपनीला परवडलं नसतं. मुख्य ऑफिसातून रोज फोन यायचे. सर मला म्हणाले, "बहुतेक द्यावं लागणार. बघू, निदान सहा-सात जणींवर तोडता येतंय का."

त्या दिवशी टॉयलेटच्या बाहेर उभ्या असलेल्या तिला मी सांगितलं नाही, पण माझ्या पोटात आनंद मावत नव्हता. निळ्या पासांची कोरी कार्डं कपाटात किती शिल्लक आहेत, ते मी बघून ठेवलं.

पुढची मीटिंग बुधवारी होती. नेते अर्ध्यातून उठून दुसऱ्या एका कारखान्याच्या कामासाठी गेले, दोन तासांत येतो म्हणाले. सर आणि मॅनेजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोनवर मुख्य ऑफिसशी बोलत होते. कमिटीतले तिघे चहा प्यायला बाहेर पडले. टेबलाशी दोघे राहिले, अध्यक्ष आणि खजिनदार. अध्यक्ष मोल्डिंग मशीनवर काम करतात, निवृत्तीला आलेले, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. खजिनदार त्यांच्याच गावचा, वयाने बराच लहान.

"चला खाली," खजिनदार म्हणाला. "जरा बोलायचंय."

"आता परत दोन जिने?" अध्यक्षांनी गुडघ्यावर हात ठेवला. "हा मला वर चढू देणार नाही. इथेच बोल."

आणि ते दोघे आपल्या बोलीत बोलायला लागले.

सर फोनवर होते, आणि सर साताऱ्याचे. मॅनेजरांना मराठीच जेमतेम. मी दाराजवळ बसले होते. त्यांच्या लेखी मी इंग्रजी मिनिट्स लिहिणारी, एव्हरशाईनची, बाबांचं कोकणी आडनाव लावणारी मुलगी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आई आणि मावशी बोलाव्यात तसे ते बोलत होते. ते शब्द मला इथे लिहिता येणार नाहीत, ती बोली मी कधी लिहिलेलीच नाही. साध्या मराठीत सांगायचं तर असं.

खजिनदार म्हणाला, "नोटीस दिली खरी, पण बाहेर बसणार कोण?"

"कोणी नाही," अध्यक्ष म्हणाले. "पूर्वेकडच्या गावांची भातकापणी आली, ते शेतात जातील. बाकीच्यांचे हप्ते आहेत. दोन दिवस बसतील, तिसऱ्या दिवशी गेटवर मी आणि तू."

"मग बायांचं?"

"शेवटपर्यंत धरून ठेवायचं. हे नोटिशीला घाबरलेत, सरांचं तोंड बघ. शुक्रवारी देतील. नाही दिलं तर सोडायचं आणि सही करायची. पण देतील."

एवढंच. दोन मिनिटांचं बोलणं. मग चहाला गेलेले तिघे परत आले.

जेवणाच्या सुट्टीत सरांच्या केबिनमध्ये मी प्रिंट घेऊन गेले. सरांनी डबा उघडला होता पण जेवत नव्हते. मला म्हणाले, "बस." ते कधी बस म्हणत नसत.

"ते दोघे मघाशी काय पुटपुटत होते?" ते म्हणाले. "मराठी वाटतं आणि एक शब्द कळत नाही. ही कुठली भाषा?"

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. स्वतःशीच बोलले होते, भेंडीकडे बघत. मी गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता.

मी म्हटलं, "सर, मला ती समजते."

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी हे सांगितलं. शाळेत सांगितलं नाही, कॉलेजात सांगितलं नाही. आणि सांगताना मला अभिमान वाटला, हे मला लपवता येणार नाही. सरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, चांगल्या मुद्देसूद इंग्रजीत. संप होणार नाही. शुक्रवारपर्यंत आपण हललो नाही तर ते अकरावी मागणी सोडतील आणि सही करतील.

"नक्की?"

"हो सर. माझ्या आईची भाषा आहे."

 सरांनी चपातीचा तुकडा तोडला. "हे मिनिट्समध्ये लिहू नकोस," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले.

केबिनमधून बाहेर पडल्यावर मी खाली टॉयलेटला गेले. तिने दार धरलं. बाहेरून म्हणाली, "काय म्हनतायत वर? होनार का आमचा?" मी आतून म्हटलं, "माहीत नाही." तेव्हाही माझ्या डोक्यात नीट शिरलं नव्हतं. मी तिच्याबद्दल काही बोलले आहे असं मला वाटतच नव्हतं. मला वाटत होतं, मी एका भाषेबद्दल बोलले.

शुक्रवारी कॉन्फरन्स रूममध्ये गेले तर माझी खुर्ची दाराजवळ नव्हती. टेबलाशी, सरांच्या शेजारी ठेवली होती. मी तिथे बसले. आवडलं मला.

नेते बोलायला लागले. नोटिशीची मुदत, कामगारांची तयारी, मोठी ऑर्डर. नेहमीसारखं हळू, मुद्द्याला धरून. त्यांचं संपेपर्यंत सर थांबले आणि म्हणाले, "संप हा तुमचा हक्क आहे. करा."

खजिनदाराने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष टेबलाकडे बघत होते. नेत्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पाच मिनिटं द्या साहेब," ते म्हणाले.

या वेळी अध्यक्षही जिने उतरले, कठडा धरून, एकेक पायरी. मी खिडकीतून पाहिलं. बाकी सगळे झाडाखाली उभे होते, ते सायकल स्टँडच्या दांडीवर टेकून बसले होते. नेते त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. पाऊण तास गेला.

वर आल्यावर नेते म्हणाले की अकरावी मागणी पुढच्या करारासाठी खुली ठेवू. सर म्हणाले, मागे घेतली असं लिहा. शब्दावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं ते मी टाइप केलं: मागणी क्रमांक अकरा, युनियनने आग्रह धरला नाही. मी ते टाइप करत होते तेव्हा अध्यक्षांनी बशीतून एक बिस्कीट उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं. इतक्या मीटिंगांत पहिल्यांदा. मग दुसरं घेतलं.

बाकी करार चांगला झाला, असं सगळे म्हणाले. कायम कामगारांना वाढ मिळाली, बूट मिळाले. सहीसाठी नेत्यांनी माझ्याचकडे पेन मागितलं आणि परत देताना म्हणाले, "थँक्यू मॅडम. तुमच्यामुळे कागद स्वच्छ राहिले."

दुसऱ्या आठवड्यात टॉयलेटला नवी कडी बसली. आता दार धरायला कोणी लागत नव्हतं. आणि पुढच्या सोमवारी अकरा बायका ब्रेकवर गेल्या. त्या एकेक करून माझ्या टेबलाशी आल्या, पास ठेवला, रजिस्टरमध्ये सही केली. चांदीपची बाई शेवटी आली. गळ्यातून पास काढताना दोरी तिच्या मंगळसूत्रात अडकली, तर मी उठून सोडवली. माझी बोटं तिच्या मानेला लागली.

"असूं द्या बाय," ती म्हणाली. माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. "तसं पन कापनी होतीच."

ती जिना उतरेपर्यंत मी उभी होते. तिला हाक मारायची होती. हाक मारून काय सांगणार होते, ते मी मनात इंग्रजीत जुळवलं, मराठीत जुळवलं. दोन्हीकडे पहिलं वाक्य 'मी' पासून सुरू होत होतं आणि तिथेच अडत होतं.

ब्रेकच्या दिवसांत एका रविवारी आईबरोबर मावशीकडे गेले होते. परतताना आगाशीच्या बाजारात बसची वाट बघत उभ्या होतो, तेवढ्यात अध्यक्ष समोरून आले, हातात कापडी पिशवी.

"मॅडम, तुम्ही इकडे?"

त्यांचा हेल ऐकूनच आईने त्यांना बोलीत विचारलं, कुठल्या गावचे. दोन मिनिटांत त्यांना एक ओळखीचं घर सापडलं, मग लग्न सापडलं, मग कोणाची तरी विकलेली वाडी सापडली. मी आईच्या मागे उभी. मला पळून जायचं होतं.

"मॅडमना येते का आपली भाषा?" अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं.

"बोलत नाही हो, लाज वाटते तिला," आई म्हणाली. "पण समजतं सगळं. आम्हा बहिणींना हिच्यासमोर कोणाची चहाडी करायची सोय नाही."

अध्यक्ष हसले. हसू हळूहळू उतरत गेलं. "सगळं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

आई सुकेळी, म्हणजे तिकडची वाळवलेली केळी, घ्यायला पलीकडच्या दुकानात गेली. आम्ही दोघेच उरलो.

"त्या बुधवारी तुम्ही दाराजवळ बसला होतात," ते म्हणाले.

"हो."

"आणि शुक्रवारी टेबलाशी."

मी पलीकडच्या दुकानाकडे, आईकडे पाहिलं.

"सरांनी विचारलं असेल. नोकरी आहे तुमची. साहेबांनी विचारल्यावर..."

ते मला वाट करून देत होते. हो म्हटलं असतं तर त्यांनी ते मान्य केलं असतं आणि मीही कदाचित हळूहळू केलं असतं. मी म्हटलं, "नाही काका. मीच सांगितलं." पहिल्यांदाच मी त्यांना काका म्हटलं, आणि ते त्या वाक्यात यावं याचं मला फार वाईट वाटलं.

"का?"

 उत्तर होतं, पण ते इतकं लहान होतं की एका भल्या माणसाच्या तोंडावर सांगवेना.

 त्यांनी वाकून गुडघा चोळला. "दोन जिने," ते म्हणाले. "दोन जिने उतरलो असतो तर." थोड्या वेळाने म्हणाले, "मी कोणाला सांगणार नाही. सांगितलं तर आधी मलाच विचारतील, खोलीत का बोललात? युनियनच्या आमच्या साहेबांना अजून माहीत नाही की आम्ही तिथे बोललो. त्यांना वाटतं, कंपनीने अंदाज बांधला." मग माझ्याकडे न बघता, "पण त्या बाया..."

बस आली. आई धावत आली, हातात पुडा. अध्यक्षांनी तिचा निरोप घेतला, आणि मग माझ्याकडे वळून बोलीत म्हणाले, बरं, येतो. माझ्याशी ते पहिल्यांदाच त्या भाषेत बोलले. मला नुसती मान हलवता आली.

"किती चांगला माणूस," बसमध्ये आई म्हणाली.

ब्रेक संपल्यावर बायका परत आल्या. मी नवे पिवळे पास लिहीत होते. चांदीपची बाई समोर उभी राहिली, उन्हाने आणखी काळवंडलेली.

"फोटो जुनाच चालंल ना? तोंड काय बदलला न्हाय."

मी चालेल म्हटलं. तिने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि टेबलावर ठेवली. तांदूळ होता. उघडायच्या आधीच वास आला.

"मी नाही घेणार," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाला होतात, निळा पास मिळाल्यावर."

"पास न्हाय मिलाला, तांदूल तर पिकला ना?" ती हसली. "आता काय परत नेऊं?" मग पुढे वाकून, हळू आवाजात म्हणाली, "बाय, पुढचे टायमाला तरी होईल का ओ? तुमी आत बसतां. तुमाला त्यांचा बोलना कलत असंल."

सर समोरच्या केबिनमध्ये होते, पण दार बंद होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. आगाशीला 'मीच सांगितलं' हे जे दोन शब्द बोलता आले, ते इथेही आले असते.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही कळत."

"तुमी तरी काय करनार," ती म्हणाली, आणि पिवळा पास गळ्यात घालून खाली गेली.

तांदूळ मी घरी आणला. आईने मूठभर हातात घेऊन वास घेतला, कोणी दिला म्हणून विचारलं. कामावरच्या एका बाईने, मी सांगितलं. त्या रात्री आईने त्याचा भात केला. बाबांनी दोनदा मागून घेतला. मीही खाल्ला. चांगला होता.

जेवणं झाल्यावर आईने तांदूळ डब्यात ओतला, पिशवी झटकली, घडी केली. "बाईची पिशवी परत द्यायची आहे," ती म्हणाली. "रिकामी देऊ नकोस. काहीतरी घाल आत."

बरं, मी म्हटलं. पिशवी अजून आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली आहे. आई अधूनमधून आठवण करून देते.